चार तास आणि १२० लिटर पाणी: डायलिसिस नीट चाललंय हे ओळखायचं कसं?

कोल्हापुरात डायलिसिसला कुठलं सेंटर चांगलं, असं चार जणांना विचारलं तर उत्तरं साधारण एकाच चालीची येतात. "एसी हाय, प्रत्येक बेडला टीव्ही हाय, मशिनी नव्या हाईत, सिस्टर चांगल्या बोलतात." सिस्टरनं चांगलं बोलणं किरकोळ नाही. आठवड्यातून तीनदा ज्यांच्या हातून सुया टोचून घ्यायच्या, त्यांचा स्वभाव महत्त्वाचाच. पण या यादीतल्या एकाही गोष्टीवरून रक्त किती साफ झालं ते कळत नाही. डायलिसिसचा दर्जा ठरतो तो घड्याळावर, वजनकाट्यावर आणि पेशंटला कधीच न दिसणाऱ्या पाण्याच्या खोलीत. आणि हे तपासायला डॉक्टर असावं लागत नाही. काय विचारायचं ते माहीत असलं, की गगनबावड्याहून एसटीनं येणारा शेतकरीही ते तपासू शकतो.

मशीन नेमकं काय करतं

निरोगी किडनी आठवड्याचे १६८ तास राबते. तिचं काम आपण मशीनकडून १२ तासांत करून घ्यायला बघतो, चार-चार तासांच्या तीन फेऱ्यांत. मुळातच हा हिशेब तोकडा आहे. म्हणून त्यातली पंधरा मिनिटंसुद्धा इकडंतिकडं झालेली परवडत नाहीत.

हातातल्या शिरेत दोन सुया असतात. एकीतून रक्त बाहेर येतं, डायलायझरमधून फिरतं आणि दुसरीतून परत जातं. पंपाचा वेग साधारण मिनिटाला २५० ते ३५० मिली. डायलायझर म्हणजे मशीनच्या कडेला उभी अडकवलेली ती पारदर्शक नळकांडी, जिला पेशंट 'फिल्टर' म्हणतात. तिच्यात केसासारखे बारीक, आतून पोकळ असे हजारो तंतू असतात. तंतूंच्या आतून रक्त वाहतं आणि बाहेरून, उलट दिशेनं, क्षार आणि बायकार्बोनेट मिसळलेलं पाणी. युरिया, क्रिएटिनिन, जादाचं पोटॅशियम रक्तातून त्या पाण्यात उतरतं. बायकार्बोनेट पाण्यातून रक्तात येतं आणि रक्तातलं आम्ल कमी होतं. शिवाय दाबातला फरक वापरून मशीन अंगातलं जास्तीचं पाणी ओढून घेतं. "सगळं रक्त बाहेर काढून धुतात" ही भीती बऱ्याच घरांत असते. खरं तर कुठल्याही क्षणी शरीराबाहेर असलेलं रक्त पाव लिटरच्या आसपासच असतं.

काही कामं मशीनला जमत नाहीत. किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडते, त्यावर रक्त तयार होतं. व्हिटॅमिन डी कामाला लावणं हेही तिचंच काम. म्हणून डायलिसिस चालू असूनही इंजेक्शनं आणि गोळ्या सुटत नाहीत.

घड्याळ

ज्यानं शेतात विहिरीवर मोटर बसवली आहे त्याला हा भाग लगेच कळेल. मोटर चालू केली की पाणी भराभर खाली जातं, पण झरे आपल्याच गतीनं पाझरतात. मोठी मोटर बसवली म्हणून झऱ्याचा वेग वाढत नाही. विहीर कोरडी पडते आणि मोटर हवा ओढायला लागते. शरीराचं असंच आहे. रक्तातला युरिया लवकर निघतो, पण घाण नुसती रक्तात नसते. ती पेशींत, स्नायूंत मुरलेली असते आणि सावकाश रक्तात येते. फॉस्फरस तर फारच सावकाश. पाण्याचंही तेच. सूज असते पायात, पोटात, फुप्फुसात, आणि मशीन ओढतं ते फक्त रक्तातलं पाणी. बाकीचं रक्तात पाझरायला वेळ द्यावा लागतो. वेळ न देता ओढलं की बीपी पडतं, दरदरून घाम फुटतो, पायात गोळे येतात. त्यामुळे पंप वाढवून तीन तासांत उरकलेलं डायलिसिस चार तासांच्या तोडीचं होत नाही, मशीन कितीही महागाचं असो.

वेळ कापला जातो तो क्वचितच कुणाच्या वाईट हेतूनं. सकाळची शिफ्ट अर्धा तास उशिरा लागते, तो उशीर दुपारच्या शिफ्टवर सरकतो आणि शेवटच्या शिफ्टच्या अंगावर येतो. मध्ये अलार्म वाजतात, तेवढा वेळ शुद्धीकरण थांबलेलं असतं. आणि सगळ्यात मोठं कारण पेशंट स्वतःच. "सिस्टर, आजऱ्याची शेवटची गाडी चुकंल, आज पंधरा मिनिटं आधी सोडा की." सिस्टर सोडतात. नाही म्हटलं तर माणूस रात्रभर सीबीएस स्टँडवर बसून राहील.

आता ही पंधरा मिनिटं मोजू. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ डायलिसिस. प्रत्येक वेळी १५ मिनिटं गेली तर वर्षात ३९ तास गेले. म्हणजे जवळपास दहा डायलिसिस झालीच नाहीत, पण कागदावर सगळी लागली.

म्हणून पहिला प्रश्न शीटवरच्या, म्हणजे प्रत्येक डायलिसिसची नोंद होते त्या कागदावरच्या, वेळांचा. चांगल्या सेंटरच्या शीटवर 'ऑन' आणि 'ऑफ'च्या खऱ्या वेळा असतात: ७ वाजून १० मिनिटांनी लावलं, ११ वाजून १५ ला काढलं, मध्ये २० मिनिटं बंद होतं कारण अमुक. वाईट सेंटरच्या शीटवर सगळ्यांचे बरोबर चार तास असतात. सगळ्यांचेच.

आपल्याकडं पैशापायी, प्रवासापायी आठवड्यातून दोनच डायलिसिस करणारे पुष्कळ आहेत. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांचं दोनवर काही काळ भागू शकतं. ते डॉक्टरांनी मोजून ठरवायचं. पण लघवी जवळपास बंद झालेल्या माणसानं "मला दोनवर बरं वाटतंय" म्हणणं धोक्याचं. मधला गॅप जितका लांब, तितकं पोटॅशियम चढतं, पाणी साठतं, हृदयावर ताण येतो. आठवड्यातून तीन करणाऱ्यांतसुद्धा दोन दिवसांच्या मोठ्या गॅपनंतर मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं.

वजनकाटा

डायलिसिसला येणाऱ्या प्रत्येकाला 'ड्राय वेट' हा शब्द पाठ असतो. अंगात जादा पाणी नसताना, सूज नसताना, बीपी ठीक असताना जे वजन असेल ते ड्राय वेट. आज काट्यावर जेवढं जास्त भरलं तेवढं पाणी काढायचं, असा साधा हिशेब. पण किती वेगानं काढायचं याला मर्यादा आहे. तज्ज्ञ साधारण आकडा धरतात तो दर तासाला, दर किलो वजनामागे १३ मिलीचा. साठ किलोच्या माणसाचा गुणाकार करा: तासाला ७८० मिली, चार तासांत ३ लिटर १२० मिली. म्हणजे दोन डायलिसिसच्या मधे त्याचं वजन तीन किलोच्या आत वाढलं तर चार तासांत सुखानं निघेल. साडेचार किलो वाढवून आला तर पावणेसहा तास लागतील, किंवा दुसऱ्या दिवशी परत यावं लागेल. दोन्ही नको असतं, मग चार तासांतच ओढलं जातं. तिसऱ्या तासाला बीपी ८० वर येतं, सलाइन सोडतात आणि काढलेल्यातलं थोडं परत आत जातं.

सोमवारी सकाळी काट्यापाशी होणारं बोलणं कुठल्याही सेंटरमध्ये थोड्याफार फरकानं असंच असतं:

"मामा, चार किलो वाढलंय की ओ. काय खाल्लंसा?"

"पाणी न्हाई प्यालो, शप्पत. नातीचं बारसं हुतं, वाटीभर रस्सा घेतला."

"पांढरा का तांबडा?"

"दोन्ही."

मामा खोटं बोलत नाहीत. त्यांनी पाणी खरंच प्यालेलं नाही. पण रस्सा हे पाणीच आहे, आणि त्यात मीठ आहे. साधारण ८ ग्रॅम मीठ पोटात गेलं की ते १ लिटर पाणी अंगात धरून ठेवतं. तेवढं पाणी मिळेपर्यंत तहान शमत नाही. म्हणून "पाणी कमी प्या" असं ओरडण्यापेक्षा मीठ कमी करणं सोपं आणि जास्त उपयोगाचं. लोणचं, पापड, खर्डा, भडंग, मिसळीवरचा कट या यादीत कोल्हापूरकराला जगण्यातलं बरंच काही सोडावं लागतं, हे कबूल. पण बाजारात बीपीवाल्यांसाठी म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ घेऊ नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि डायलिसिसच्या पेशंटला ते सरळ हृदयाशी खेळण्यासारखं आहे. गूळ, काकवी, उसाचा रस, शहाळं यांतही पोटॅशियम भरपूर. आजारी माणसाला भेटायला येणारा पाहुणा नेमकं शहाळंच घेऊन येतो, त्याला दारातच सांगावं. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचा धारोष्ण दुधाचा पेला पोटॅशियमबरोबर फॉस्फरसही वाढवतो.

ड्राय वेटबद्दल एक गोष्ट फार कमी घरांना सांगितली जाते. तो आकडा कायमचा नसतो. माणसाचं जेवण सुटलं, मांस झडलं, तर त्याचं खरं वजन कमी होतं. पण शीटवर जुनंच ५८ लिहिलेलं असेल तर मशीन ५८ पर्यंतच पाणी काढणार, आणि झडलेल्या दोन किलो मांसाच्या जागी दोन किलो पाणी अंगात राहणार. काट्यावर सगळं बरोबर दिसतं, आणि माणूस रात्री आडवा झाला की धाप लागते. उलट भूक सुधारून अंग भरलं, तर जुन्या आकड्यापर्यंत ओढताना रोज गोळे येतात. त्यामुळे दुसरा प्रश्न असा: "ड्राय वेट शेवटचं कधी बदललं? कुणी ठरवलं?" महिन्यातून किमान एकदा डॉक्टरांनी पेशंटला तपासून त्या आकड्याकडं पाहिलंच पाहिजे. नुसत्या फाइलवर सही करणं म्हणजे तपासणं नव्हे.

जाता जाता, मशीनवर असताना भरपेट खाणं. नातेवाईक प्रेमानं डबा आणतात. पण खाल्ल्यावर रक्त पोटाकडं वळतं, आणि ज्यांचं बीपी पडतं त्यांचं अजून पडतं. डबा सुया काढल्यानंतरच उघडावा. सकाळची बीपीची गोळी डायलिसिसच्या दिवशी घ्यायची की नाही, हेही डॉक्टरांना विचारूनच.

भिंतीपलीकडचं पाणी

मशीनमधून रक्ताच्या शेजारून जाणारं द्रावण मिनिटाला साधारण ५०० मिली वाहतं. चार तासांचे झाले १२० लिटर, आठवड्याचे ३६०. निरोगी माणूस आठवड्यात १४-१५ लिटर पाणी पितो, तेही पोटातून, आतड्याच्या गाळणीतून. डायलिसिसच्या पेशंटचं रक्त आणि हे ३६० लिटर पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. प्यायला उत्तम असलेलं पाणी म्हणूनच इथं चालत नाही.

नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. आपल्या पोटाला त्याचा त्रास नाही, पण ते द्रावणातून रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. पाण्यातल्या ॲल्युमिनियममुळे १९७० च्या दशकात परदेशात डायलिसिसच्या पेशंटना मेंदूचा आजार झाला आणि तो कशानं होतोय हे कळेपर्यंत बरेच गेले. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू गावात तलावातल्या शेवाळाचं विष पाण्याबरोबर डायलिसिस सेंटरमध्ये आलं आणि ५० हून जास्त पेशंट दगावले. मशीनं ठीक होती, डॉक्टर ठीक होते. पाणी ठीक नव्हतं.

म्हणून प्रत्येक सेंटरमागे एक खोली असते. तिथं नळाचं किंवा बोअरचं पाणी वाळूच्या, मग कोळशाच्या फिल्टरमधून जातं. कोळसा क्लोरीन धरतो. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो. मग आरओचा पडदा, आणि तिथून पाइपच्या वळशातून प्रत्येक मशीनपर्यंत. क्लोरीन आत आलं का, हे रोज पहिला पेशंट लावायच्या आधी तपासायचं असतं. पट्टी बुडवून रंग पाहण्याइतकं ते सोपं आहे. प्रमाण लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या खाली हवं. जंतूंची तपासणी महिन्याला, आणि जंतू मेल्यावर मागं राहणाऱ्या एंडोटॉक्सिन या विषाचीही. घरच्या आरओसारखा टीडीएसचा आकडा दाखवून "बघा, १० आलाय" म्हणणं पुरेसं नाही. टीडीएसमधून क्षार कळतात, जंतू कळत नाहीत.

पेशंटनं काय करायचं? "पाण्याचा मागच्या महिन्याचा कल्चर रिपोर्ट (जंतूंच्या तपासणीचा) दाखवता का?" असं विचारायचं. ज्यांचं काम चोख असतं त्यांना हा प्रश्न आवडतो, ते फाइल काढून दाखवतात, कधी खोलीही दाखवतात. "तुम्हाला काय त्यातलं कळतंय" असं उत्तर आलं तर तेही एक उत्तरच.

थंडी वाजून येणं हे पाण्याबाबतचं एक मोठं लक्षण. मशीनला लावल्यावर एकाच शिफ्टमध्ये तीन-चार जणांना हुडहुडी भरली, तर संशय पाण्यावर किंवा द्रावणावर. एकट्यालाच भरली आणि त्याच्या मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी घातलेली नळी, असेल, तर संशय कॅथेटरच्या इन्फेक्शनवर. दोन्ही वेळा "एसीमुळं झालं, पांघरूण घ्या" हे उत्तर चुकीचं.

हात

डायलिसिसच्या पेशंटची खरी मिळकत म्हणजे हातातला फिस्टुला. मनगटापाशी किंवा कोपरापाशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडायची, म्हणजे धमनीच्या दाबानं शीर फुगते, जाड होते आणि सुया पेलते. १९६६ मध्ये अमेरिकेत ब्रेशिया आणि सिमिनो यांनी ही पद्धत मांडली. साठ वर्षं झाली, अजून तिच्यापेक्षा चांगला मार्ग सापडलेला नाही. पिकायला तिला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. अडचण इथंच आहे. आपल्याकडं बहुतेक जण धाप लागल्यावर, रात्री-अपरात्री, पहिल्यांदा डायलिसिसला येतात. तेव्हा मानेत कॅथेटर घालण्यावाचून पर्याय नसतो. आणीबाणीत ते ठीक. पण तेच कॅथेटर महिनोन् महिने राहणं हे दर्जा घसरल्याचं सर्वात स्पष्ट लक्षण आहे, कारण कॅथेटर म्हणजे बाहेरच्या जगातून थेट हृदयाजवळ जाणारी नळी. म्हणून सेंटरला विचारा: "तुमच्याकडं किती जण फिस्टुलावर आहेत आणि किती कॅथेटरवर?" आणि ज्यांची किडनी हळूहळू निकामी होतेय, पण डायलिसिस अजून लागलेलं नाही, त्यांनी आत्ताच डॉक्टरांशी फिस्टुलाचं बोलावं. तोवर डाव्या हाताच्या शिरा जपाव्यात, सलाइन आणि रक्त तपासणीसाठी दुसरा हात पुढं करावा.

फिस्टुलावर बोटं ठेवली की आत थरथर लागते, तिला थ्रिल म्हणतात. रोज सकाळी उठल्या उठल्या ती बघायची. लागत नसेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला सेंटरला फोन. उद्यावर टाकलं तर गुठळी घट्ट होते. त्या हातावर बीपीचा पट्टा नको, घट्ट बांगड्या नकोत, डोक्याखाली घेऊन झोपणं नको, आणि बाजारहाटाची जड पिशवी त्या हातात नको. सिस्टरनं किंवा टेक्निशियननं सुई टोचण्याआधी हात धुतलेला, स्पिरिट वाळू दिलेलं, आणि सुई रोज त्याच भोकाशेजारी न घालता जागा बदलून घातलेली असावी. त्याच त्याच जागी टोचत राहिलं तर तिथं फुगा येतो आणि एक दिवस तो फुटतो.

यातली एक गोष्ट जिवावरची आहे. पंप मिनिटाला ३०० मिली रक्त फिरवतो. परतीची सुई निसटली तर काही मिनिटांत जीव जाण्याइतकं रक्त वाहून जातं, आणि मशीनचा अलार्म दरवेळी वाजेलच असं नाही. थंडी वाजते म्हणून लोक तो हातही चादरीखाली घेतात, वर घरून आणलेली गोधडी. रक्त गोधडीत मुरतं, बाहेर दिसत नाही. बाकी सगळं अंग झाका, सुया असलेला हात उघडा ठेवा, आणि कुणीतरी दर अर्ध्या तासाला बीपी घेताना त्या हाताकडं बघत असावं. एका माणसाकडं तीन-चार खाटा असतील तर हे होतं. आठ खाटांना एक टेक्निशियन असेल तर तो फक्त अलार्म बंद करत फिरतो.

हातमोजे, आणि फिल्टरचा पुनर्वापर

हेपटायटिस बी आणि सी हे डायलिसिस सेंटरचे जुने शत्रू. ते पसरतात ते मशीनमधून कमी आणि माणसांच्या हातांतून जास्त. एका बेडला अलार्म वाजला, सिस्टर हातातल्याच मोज्यांनी धावली, बटण दाबलं, परत पहिल्या पेशंटकडं आली. झालं. मोजे बदलणं आणि हात धुणं हा पाच मिनिटं खुर्चीत बसून कुणालाही बघता येणारा दर्जा आहे. दुसरी खूण इंजेक्शनं भरायची जागा: रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हिपॅरिनची बाटली ट्रॉलीवरून बेडोबेडी फिरत असेल तर चूक, वेगळ्या स्वच्छ टेबलावर भरून आणत असतील तर बरोबर. दोन शिफ्टच्या मध्ये मशीनचं बाहेरचं अंग, खुर्ची, बेड पुसलं जातं का, तेही बघावं. हेपटायटिस बी असलेल्यांना वेगळं मशीन लागतंच. ज्यांना तो नाही, त्यांना त्याची लस हवी. डायलिसिसच्या पेशंटला ती नेहमीच्या दुप्पट मात्रेत देतात, आणि नंतर रक्त तपासून ती लागू पडली का हे बघतात. लस घेतली पण तपासलंच नाही, असं बऱ्याच ठिकाणी होतं.

एकच डायलायझर धुऊन त्याच पेशंटला परत वापरतात, याचा लोकांना धक्का बसतो. बसू नये. खर्च कमी करायला आपल्या देशात ही सर्रास पद्धत आहे आणि नियम पाळले तर चालण्यासारखी आहे. नियम असे: फिल्टरवर त्याच पेशंटचं नाव आणि कितव्यांदा वापर तो आकडा, प्रत्येक वेळी आतली क्षमता मोजून मूळच्या ८० टक्क्यांच्या खाली गेली की फेकून देणं, आणि लावण्याआधी पट्टीनं बघणं की जंतुनाशकाचा अंश आत उरलेला नाही. पेशंटनं लावायच्या आधी नाव स्वतः वाचावं. गावात एकाच आडनावाचे चार पाटील असतात, सेंटरमध्येही असतात.

महिन्याचा कागद

डायलिसिस पुरेसं होतंय का, हे सांगणारे दोन आकडे आहेत, यूआरआर आणि केटी/व्ही. पहिला घरीसुद्धा काढता येतो. लावण्याआधीचा युरिया १४० आणि काढल्यावर ४२ आला, तर ९८ उतरला. १४० च्या मानानं तो ७० टक्के. आठवड्याला तीन डायलिसिस धरून ६५ च्या वर हवा. केटी/व्हीमध्ये वेळ, फिल्टरची ताकद आणि माणसाच्या अंगातलं पाणी हे सगळं धरतात, तो १.२ च्या खाली नको, १.४ च्या आसपास असला तर बरा. नंतरचं रक्त घेताना पंप आधी मंद करावा लागतो, नाहीतर नुकतंच साफ झालेलं रक्त नमुन्यात मिसळतं आणि आकडा खोटा चांगला येतो. दर महिन्याला सगळ्यांचेच आकडे छान येत असतील आणि तरी माणसाला खाज, मळमळ, झोप न येणं सुरू असेल, तर नमुना कसा घेतला ते विचारावं.

बाकी हिमोग्लोबिन साधारण १० ते ११.५ च्या दरम्यान. ते फार वर नेणंही बरं नाही, त्यानं गुठळ्यांचा आणि लकव्याचा धोका वाढतो. इंजेक्शन देऊनही वाढत नसेल तर आधी लोह तपासतात. ज्यांना पुढं किडनी बसवायची आहे त्यांना उगाच रक्ताच्या बाटल्या चढवू नयेत. त्यामुळं शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घसरत असेल तर माणूस नीट जेवत नाहीय. "किडनीचा आजार, डाळ-अंडी बंद" हा सल्ला डायलिसिस लागण्याच्या आधीचा. लागल्यानंतर प्रथिनं उलट जास्त लागतात, किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. हे न समजल्यामुळे नुसत्या भाताच्या पेजेवर राहून खंगलेली माणसं दिसतात.

चांगल्या सेंटरची आणखी एक खूण म्हणजे ते तुम्हाला आपल्यापासून दूर जायचा रस्ताही सांगतात. प्रत्यारोपण शक्य आहे का, घरात दाता आहे का, मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठीच्या प्रतीक्षा यादीत नाव घालायचं का, हे पहिल्या काही महिन्यांतच बोललं गेलं पाहिजे. चंदगडसारख्या लांबच्या तालुक्यातल्या माणसाला पोटातून घरी करायच्या डायलिसिसची, म्हणजे पेरिटोनियलची, माहिती द्यायला हवी. त्याला स्वच्छता आणि शिस्त फार लागते, सगळ्यांना जमत नाही, पण निवड त्यानं करावी.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना आधी गाठा. सरकारी रुग्णालयांतल्या डायलिसिससाठी २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेला राष्ट्रीय कार्यक्रम आहे. एसटीतही डायलिसिसच्या पेशंटना सवलत आहे, आगारात कागदपत्रं विचारून घ्या. आणि योजनेतून फुकट होतंय म्हणून प्रश्न विचारायला बिचकू नका. तुमचे पैसे कुणीतरी भरतंच आहे.

पंचगंगा चढली की

कोल्हापूरच्या पेशंटसाठी दर्जाचा एक वेगळा प्रश्न आहे, जो पुण्यात कुणी विचारणार नाही: पुरात काय? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, उपसा केंद्रं बुडाल्यानं शहराचा पाणीपुरवठाही थांबला. डायलिसिसच्या बाजूनं पाहिलं तर यात दोन संकटं एकदम येतात. शिरोळ, करवीर, पन्हाळ्याचा पेशंट पोचू शकत नाही, आणि पोचलेल्या प्रत्येकामागे एका वेळचं १२० लिटर शुद्ध पाणी कुठून आणायचं हा प्रश्न. टँकरचं पाणी आलं तर त्याचा गुण वेगळा असतो. पूर ओसरल्यावर पाण्यात क्लोरीन जास्त घालतात, म्हणजे कोळशाच्या फिल्टरवर भार वाढतो, आणि रोजची ती पट्टी तेव्हा दिवसातून एकदा नव्हे, प्रत्येक शिफ्टला बुडवावी लागते. वीज गेली तर मशीनची बॅटरी रक्ताचा पंप काही मिनिटं चालवते, तेवढ्यात जनरेटर लागला नाही तर हातानं पंप फिरवून रक्त परत द्यावं लागतं. ते कसं करायचं हे ड्युटीवरच्या प्रत्येकाला येतं का, हे कोरड्या दिवशी विचारून ठेवावं.

घरच्यांनी जूनमध्येच करायच्या गोष्टी अशा. नदीकाठी राहत असाल तर इशारा पातळी ओलांडायच्या आधी शहरात किंवा नदीच्या सुरक्षित बाजूला नातेवाइकांकडं मुक्काम हलवायचा. आपलं सेंटर बंद पडलं तर दुसरं कुठलं घेणार, हे डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यायचं. अडकून पडलात आणि डायलिसिस चुकणार असं दिसलं, तर पाणी दिवसाला अर्ध्या लिटरवर आणायचं, फळं, गूळ, डाळीचं पाणी, बटाटा बंद, मीठ जवळपास बंद. पोटॅशियम उतरवणारी पावडर डॉक्टरांनी आधी लिहून दिली असेल तर जवळ ठेवायची. छातीत धडधड, अंगातली शक्ती गेल्यासारखं वाटणं किंवा आडवं झाल्यावर धाप, यांपैकी काहीही झालं तर वाट न बघता बोट मागवायची आणि बचाव पथकाला पहिलं वाक्य "डायलिसिसचा पेशंट आहे" हेच सांगायचं.

आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद, वर्षभर खिशात: ड्राय वेट, शेवटच्या डायलिसिसची तारीख, फिस्टुला कुठल्या हाताला, हिपॅरिन किती, हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, चालू औषधं, ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन. हे रिपोर्ट नसतील तर दुसरं सेंटर कुठल्या मशीनला लावायचं हे ठरवू शकत नाही, आणि पुराच्या गर्दीत रक्त तपासून निकाल येईपर्यंत अर्धा दिवस जातो.